निवारा खणात मोजावा : आपत्तीनंतरच्या घरांच्या रचनेविषयी

तेरणाकाठ (धागाकर्ता)

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. आमचे गाव औसा तालुक्यातले. घर पडले, माणसे वाचली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आज मी स्थापत्य अभियंता आहे आणि आपत्तीनंतरच्या तात्पुरत्या निवाऱ्याचे आराखडे पाहिले की मला अजूनही सगळ्यात आधी ती शेड आठवते.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच तिच्यात कोणी थांबत नसे. आजी पोती भिजवून पत्र्यावर टाकायला लावायची आणि ती अर्ध्या तासात खडखडीत वाळायची. पाऊस आला की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने दवाचे थेंब धरत आणि अंथरुणावर टपकत. शेड निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही, कारण भूकंपानंतर लगेच जो जोराचा पाऊस झाला त्यात डोक्यावर काहीही नसण्याचे हाल आम्ही भोगले होते. परंतु त्या शेडवर झालेला खर्च नंतरच्या घराच्या काहीही उपयोगी पडला नाही आणि ती बांधणाऱ्याने तशी अपेक्षाही ठेवलेली नव्हती, ही गोष्ट मला आजही खटकते.

आपल्याकडे जुने घर चौरस फुटांत मोजत नसत, खणात मोजत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. मुलाचे लग्न ठरले, पीक चांगले आले, की तीन खणांच्या घराला आणखी दोन खण जोडले जात. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा आधी उभा राही, त्यावर किलचण (लाकडी चिपांचा थर) आणि पांढरीची माती पडे, आणि दगडी भिंत या सांगाड्याभोवती येई. भूकंपात जीव घेतला तो मुख्यतः भिंतीने आणि मातीच्या ओझ्याने. दोन-अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे प्रत्यक्षात बाहेरचा एक आणि आतला एक असे दोन सुटे पदर आणि मध्ये चिखल-खडीची भर. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. गळती थांबवण्यासाठी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर पडत गेला आणि छताचे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले. तरीही अनेक घरांत भिंती ढासळल्यावर लाकडी खण मात्र जागेवर उभे होते. आमच्या घराचे मागचे दोन खण तसेच उभे होते आणि त्यांच्याखाली झोपलेले आजोबा धुळीने माखलेले पण चालत बाहेर आले.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, आपत्तीनंतर कुटुंबाला पुढे टाकून द्यायची शेड देण्याऐवजी त्याच्या पुढच्या घराचे पहिले खण द्यावेत : पक्के जोते, भूकंप आणि वारा सहन करणारा सांगाडा आणि छप्पर. भिंती पहिल्या महिन्यात ताडपत्रीच्या किंवा तट्ट्यांच्या असतील, नंतर त्या कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे विटेच्या, दगडाच्या किंवा कुडाच्या कराव्यात. ज्यांनी अशी कामे केली आहेत किंवा अशा घरांत दिवस काढले आहेत, त्यांनी यातल्या चुका दाखवाव्यात ही विनंती.

रणाच्या_कडेला

नोकरीनिमित्त मी वीस वर्षांहून अधिक काळ भुजमध्ये राहतो, म्हणून कच्छचा अनुभव मांडतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात दगड-मातीची चौकोनी घरे मोठ्या प्रमाणावर पडली, परंतु बन्नी भागातले भुंगे बऱ्याच ठिकाणी टिकले. भुंगा म्हणजे गोल भिंतीची, शंकूच्या आकाराच्या गवती छपराची खोली. गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो आणि छप्पर हलके असते, म्हणून ती धक्का सोसते. आपण खणाविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी जुळणारी गोष्ट अशी की, एका कुटुंबाचा सहसा एकच भुंगा नसतो. सगळ्यांच्या मिळून असलेल्या उंच ओट्यावर एक भुंगा राहण्याचा, एक पाहुण्यांचा, एक स्वयंपाकाचा असे ते वाढत जातात. घर मोठे करायचे म्हणजे असलेले पाडायचे नाही, शेजारी आणखी एक उभारायचा.

परंतु कच्छमधून शिकण्यासारखी खरी गोष्ट आकारापेक्षा पैशाच्या वाटपात आहे. तिथे बहुसंख्य कुटुंबांनी आपले घर आपणच बांधले. सरकारने मदत तीन हप्त्यांत दिली आणि पुढचा हप्ता अभियंत्याने जोते, भिंतीतले आडवे पट्टे, छत तपासल्यानंतरच मिळत असे. गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले. घरमालक गवंड्याच्या शेजारी उभा राहून सळई मोजत असे, कारण सळई चुकली तर त्याचाच हप्ता अडकणार होता. माझ्या घरमालकांनी त्या वेळच्या वहीत सिमेंटच्या प्रत्येक गोणीची तारीख लिहून ठेवली आहे आणि ती वही ते आजही दाखवतात.

एक सावधगिरी मात्र सुचवतो. पारंपरिक म्हणून सगळेच सुरक्षित असे कोणी मानू नये. त्याच कच्छमध्ये पारंपरिक दगडी घरांनी हजारो माणसे मारली.

चुलीपाशी

मी १९९५ च्या आसपास किल्लारी भूकंपानंतरच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावपातळीवर संवाद सहायक म्हणून काम केले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या त्या पुनर्वसन कार्यक्रमात पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर झाले हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत, तेरा जिल्ह्यांत मिळून, लोकांनी मदत घेऊन आपापली घरे जागच्या जागी दुरुस्त केली, हे फारसे कोणी सांगत नाही. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने बचत गटांतल्या बायकांना या कामात आणले आणि गावोगाव माझ्यासारख्या संवाद सहायक तयार झाल्या.

तेरणाकाठ यांनी आरपार दगडाचा उल्लेख केला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. जुन्या भिंतीत नवा लांब दगड बसवता येत नाही. त्यासाठी भिंतीतला एक दगड हलक्या हाताने काढायचा, पहारीने आतली भर कोरत दुसऱ्या बाजूपर्यंत भोक न्यायचे, दोन्ही टोकांना आकड्यासारखी वाकवलेली सळई त्यात ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. भिंतीचे दोन पदर मग शिवल्यासारखे एकमेकांना धरून राहतात. हे काम अभियंत्याने फळ्यावर काढून दाखवले तेव्हा बायकांनी मान डोलावली, पण कोणी घरी करू देईना. भिंतीला भोक पाडायचे या कल्पनेनेच सगळ्यांच्या पोटात गोळा येत असे. शेवटी मी माझ्याच स्वयंपाकघराची भिंत पुढे केली. भोक आरपार झाल्यावर माझ्या सासूबाईंनी एका बाजूने बॅटरी धरली, दुसऱ्या बाजूने गल्लीतल्या बायकांनी एकेक करून डोळा लावून पाहिले आणि मधली सुटी खडी त्यांना दिसली. त्या दिवसानंतर मला कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आता आराखड्याविषयी. स्थलांतरित गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यांच्या वरच्यांना ४०० आणि मोठ्या जमीनदारांना ७५०. घरात माणसे किती हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता, म्हणून नऊ माणसांचे मजूर कुटुंब सगळ्यात लहान घरात गेले. रस्ते रुंद आणि सरळ झाले, घरे एकमेकांपासून लांब गेली, वाड्याची भिंत गेली आणि तिच्याबरोबर बायकांचा आडोसाही गेला. जुन्या घरात मी अंगणात बसून भांडी घासत असे, केस विंचरत असे, शेजारणीशी भिंतीवरून बोलत असे. नव्या गावातल्या माझ्या बहिणीला ते सगळे रस्त्यावरून दिसेल असे करावे लागले. वर्षभरात तिने पुढे कडब्याच्या पेंढ्यांची आणि जुन्या साड्यांची भिंत उभी केली.

म्हणून तीन खणांचा आराखडा पाहण्याआधी मी विचारते, चूल कुठे आहे? न्हाणी कुठे आहे? कडबा कुठे रचायचा आणि रात्री शेळी कुठे बांधायची?

घाटमाथा

भूकंपाच्या प्रदेशातली चर्चा वाचताना आमच्या सह्याद्रीतला प्रश्न वेगळा आहे हे जाणवले, म्हणून लिहितो. आमच्याकडे घर पडत नाही, जमीनच सरकते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. अशा ठिकाणी त्याच जागेवर पहिला खण उभारणे शक्यच नसते. नवी जागा ठरेपर्यंत कुटुंब कुठेतरी राहणार, आणि आपल्याकडे तो काळ महिन्यांत संपत नाही. तळीये आणि इर्शाळवाडीच्या कुटुंबांना मधल्या काळात कंटेनरमध्ये ठेवले गेले. लोखंडी पेटी पावसाचे पाणी अडवते हे खरे, पण रानात हिंडणाऱ्या, ओटीवर बसणाऱ्या, पडवीत भात झोडणाऱ्या ठाकर कुटुंबाला तिच्यात दिवस काढायला लावणे म्हणजे काय, याचा विचार ती मागवताना व्हायला हवा.

आणि जागा निवडली की काम संपत नाही. नव्या माळीणमध्ये घरे बांधून दिल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात, २०१७ च्या जूनमध्ये, भरावाची जमीन आणि रस्ते खचले. डोंगराचा उतार कापून सपाट केला की वरून येणाऱ्या पाण्याला वाट करून द्यावी लागते. घरांच्या आराखड्याइतकेच गटारांच्या आणि बांधांच्या आराखड्याकडे लक्ष हवे. आमच्या आजोबांच्या पिढीत घर बांधण्यापूर्वी एक पावसाळा त्या जागेवर पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहत. आता तेवढे थांबणे परवडत नसेल, तरी गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारायला एक दिवस पुरतो.

साहित्याविषयी एक सूचना. कोकणात आणि घाटावर माणगा बांबू भरपूर होतो, भरीव असतो आणि खांबाला चालतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडून वाहून नेणे पूर्वीसारखे अडचणीचे नाही. फक्त तो पावसाळा संपल्यावर तोडावा, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवावा आणि जमिनीत गाडू नये. दगडी किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवावा. एवढे केले नाही तर दोन पावसाळ्यांत भुंगेरे त्याचे पीठ करतात आणि मग लोक बांबूलाच दोष देतात.

भारगणित

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो. कल्पना मला पटते, परंतु ती जशी मांडली आहे तशी अमलात आणली तर धोका आहे.

पहिली गोष्ट वाऱ्याची. माळवद स्वतःच्या वजनाने बसून राहत असे. पत्र्याचे छप्पर वर उचलले जाते. म्हणून सांगाडा पायाला नीट जखडलेला हवा आणि छपराच्या कडेला पत्रा तुळईला जवळजवळ अंतरावर जे-हुकने धरलेला हवा. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे वादळात पडवी गेली तरी घर राहील. कोकणात निसर्ग चक्रीवादळात हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मोकळ्या सांगाड्यात कुटुंब आपल्या सोयीने भिंती घालणार. समजा मागे आणि डावीकडे जड दगडी भिंत आली, पुढे आणि उजवीकडे ताडपत्रीच राहिली. अशी इमारत धक्क्यात सरळ न हलता पिळवटली जाते आणि एका कोपऱ्यातले खांब मोडतात. म्हणजे आपण सुरक्षित सांगाडा दिला आणि रहिवाशाने नकळत तो असुरक्षित केला, असे होईल. दगड-मातीच्या बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ मध्ये जोते, दरवाजाच्या वरची पातळी आणि छत या ठिकाणी आडवे पट्टे, आरपार दगड आणि कोपऱ्यातल्या उभ्या सळया सांगितल्या आहेत. ते सगळे भिंत नंतर घालतानाही लागतेच. किल्लारी परिसर त्या वेळी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि तो तिसऱ्या क्षेत्रात आला. म्हणून धोका कमी आहे या समजुतीवर कोठेही काही सोडू नये.

वाढीची जागा आधीच आखून द्यावी, याचे एक चांगले उदाहरण चिलीतले आहे. २०१० च्या भूकंपानंतर कॉन्स्टिट्युसिओन शहरात वास्तुविशारद अलेहान्द्रो अरावेना यांच्या गटाने व्हिला व्हेर्दे ही वसाहत आखली. एका मोठ्या छपराखाली घराचा अर्धा भाग बांधून दिला आणि शेजारचा अर्धा भाग मोकळा ठेवला : ५७ चौरस मीटरचे घर कुटुंबाने ८५ पर्यंत वाढवावे अशी योजना. छप्पर, बाजूच्या भिंती, जिना आणि पाण्याचे नळ हे जे एकट्या कुटुंबाला नीट करणे अवघड, ते आधी दिले. किल्लारी भूकंपानंतर गुबाळ गावात बांधलेल्या घुमटाकार घरांशी याची तुलना करून पाहावी. घुमट भूकंपात उत्तम, पण त्याला नवी खोली जोडायची कशी आणि गोल भिंतीला कपाट लावायचे कसे?

कोरा_सातबारा

मी महसूल खात्यात होतो, आता निवृत्त आहे. वर सगळ्यांनी लिहिलेले योग्य आहे, परंतु आपत्तीनंतरचा पहिला महिना कसा असतो हे सांगतो. पंचनामे चालू असतात, कोणाचे नाव कोणत्या यादीत हे ठरलेले नसते, आणि पावसाळा असेल तर आठ दिवसांत छप्पर हवे असते. त्या वेळी प्रत्येक कुटुंबाच्या पक्क्या जागेवर जोते घालणे अशक्य असते, कारण पक्की जागा कोणाच्याच ताब्यात नसते. भूसंपादनाला वेळ लागतो. जे कुटुंब भाड्याने राहत होते किंवा गायरानावर राहत होते, त्याला तर कागदच नसतो आणि ते यादीतून पहिले गळते. एका गावात अशी अकरा कुटुंबे राहिली होती; त्यांना घर मिळेपर्यंत मी तीन वेळा प्रस्ताव पाठवला.

त्यामुळे माझे म्हणणे असे की, जोते आणि सांगाडा यांना वेगळे करावे. सांगाडा हलवता येईल असा असावा.

तेरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कोरा_सातबारा यांची अट मी आराखड्यात सगळ्यात वर घेतली आहे.

मानवीय मदतीच्या जागतिक मानकांनुसार माणशी किमान साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट छप्पर हवे. पाच माणसांचे १९० चौरस फूट. सहा फुटांचा एक खण धरला आणि रुंदी साडेदहा फूट ठेवली, तर तीन खणांत हा हिशेब बसतो. चार चौकटी, आठ खांब. खांब आणि तुळया नट-बोल्टने जोडलेल्या, दोन माणसांना उचलता येतील इतक्या वजनाच्या, कोपऱ्यांत तिरपे टेकू. छावणीत हा सांगाडा काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर उभा राहील आणि जमिनीत पुरलेल्या खुंट्यांना जखडला जाईल. जागा मिळाल्यावर तोच उतरवून पक्क्या जोत्यातल्या बोल्टवर बसेल. माणसे जास्त असतील तर खण जास्त, मग जमीन कितीही असो. हा नियम चुलीपाशी यांच्या प्रतिसादामुळे आला.

छप्पर दुपाखी, सुमारे ३० अंशांचे. प्रत्येक बाजूला आठ फुटी पत्रा घातला तर भिंतीबाहेर दीड फुटाहून थोडी जास्त वळचण मिळते. आढ्याला हवा जाण्यासाठी फट, पत्र्यावर चुन्याचा हात आणि पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्याचे आतले छत. हे तट्टे असते तर आजीला पोती भिजवावी लागली नसती आणि थंडीत अंथरुणावर थेंबही पडले नसते.

भारगणित यांच्या आक्षेपावर बराच विचार केला. भिंतींचा क्रम कुटुंबावर सोपवायचा नाही, असे मी ठरवले आहे. मागची आणि पुढची भिंत जोडीने, डावी आणि उजवी जोडीने. आणि कमरेच्या वर दगड न्यायचा नाही, तिथून कूड किंवा तट्ट्यावर गिलावा. मदतीचे हप्ते कच्छप्रमाणे या जोड्यांना बांधावेत. पुढे वाढवायचे खण लांबीच्या दिशेनेच वाढतील, आणि त्यासाठी शेवटच्या चौकटीत बोल्टची भोके पहिल्या दिवसापासून पाडलेली असतील.

चुलीपाशी

भोके पाडलेली असतील हे वाचून बरे वाटले. पण चूल अजून दिसत नाही.

तेरणाकाठ

ताई, आपले बरोबर आहे. पडवी सहा फूट खोलीची, मुख्य छपरापासून सुटी, मागच्या बाजूला धरली आहे. तिच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला न्हाणी, मध्ये शेळीला जागा. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून चूल पूर्वेच्या टोकाला ठेवली आहे, म्हणजे धूर घरात शिरणार नाही. पडवीला पाच फूट उंचीचा कुडाचा आडोसा पहिल्याच दिवशी, सांगाड्याबरोबर यावा असे मी साहित्याच्या यादीत लिहिले आहे. कडब्यासाठी मात्र चुलीपासून किती अंतर सोडावे हे मला ठरवता आलेले नाही. आपल्या बहिणीच्या अंगणात सध्या ते अंतर किती आहे, ते मोजून कळवाल का?

चुलीपाशी

रविवारी जाणार आहे, टेप घेऊन जाते. तिने चुलीच्या आणि गंजीच्या मध्ये पाण्याचा रांजण ठेवला आहे, तोही आराखड्यात घ्या.